एडिटर काय दाखवतो, काय झाकतो

तुझा प्रश्न आधी जसाच्या तसा लिहून ठेवते, कारण हे उत्तर तू मित्रांनाही दाखवणार आहेस. "मावशी, दुसऱ्या वर्षाला आहे. लॅबमध्ये अजून टर्बो सी चालतं. वर्गातले बहुतेक जण व्हीएस कोड वापरतात. एक सीनियर म्हणतो, विम येत नाही तो कसला प्रोग्रॅमर! इंटर्नशिपला इंटेलिजे लागेल असंही कानावर आलंय. माझ्या लॅपटॉपला रॅम फक्त ४ जीबी. यातलं नक्की काय शिकू?"

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी २४ वर्षं गेली. वजन करून पिशव्या भरणारी यंत्रं, टाक्यांची पातळी सांभाळणारे पॅनेल, बॉयलरच्या नोंदी ठेवणारी लिनक्सची छोटी पेटी, अशी कामं. या काळात मी कितीतरी एडिटर, म्हणजे कोड लिहायचे प्रोग्रॅम, धरले आणि सोडले, आणि आजही एकाच दिवसात तीन वापरते. त्यामुळे एकच नाव सांगून मी मोकळी होऊ शकत नाही. पण एडिटर पारखायची एक कसोटी माझ्याकडे आहे. एडिटर काय काय देतो हे सांगणारे पुष्कळ भेटतील. तो तुझ्यापासून काय झाकतो हे मात्र तुलाच बघावं लागेल.

ही कसोटी मला एका रात्री सापडली. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. शहराबाहेरच्या एका कारखान्यात आमची पेटी बसवलेली होती. रात्री अकराला तिथल्या ऑपरेटरचा फोन आला, "बेन, मशीन चालू थतुं नथी", मशीन चालू होत नाही. मी गेले. पेटी चालू झाल्यावर आमचा प्रोग्रॅम सुरू करणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची फाइल, होती, आणि ती चालवली की उत्तर यायचं, 'नॉट फाउंड'. फाइल तर समोर दिसत होती. परवानग्या बरोबर होत्या. स्क्रिप्ट लॅपटॉपवर घेऊन विममध्ये उघडली, ओळ न् ओळ वाचली, एक अक्षर चुकलेलं नव्हतं. दोन तास असे गेले. शेवटी लॅपटॉप बाजूला ठेवला, पेटीलाच सिरियल केबल लावली आणि तिच्यातल्या साध्यासुध्या व्हीआयमध्ये, म्हणजे विमच्या पूर्वजात, तीच फाइल उघडली. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टोपीचं चिन्ह आणि एम.

झालं असं होतं की दुपारी तिथल्या इंजिनिअरने फाइल विंडोजच्या लॅपटॉपवर उघडून एक आयपी पत्ता बदलला होता आणि पेन ड्राइव्हने परत टाकली होती. विंडोजमध्ये ओळ संपते ती दोन खुणांनी, कॅरेज रिटर्न (तेच ते टोपी आणि एम) आणि लाइन फीड. लिनक्समध्ये फक्त लाइन फीड. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कोणता शेल, म्हणजे हुकूम चालवणारा प्रोग्रॅम, वापरायचा त्याचा पत्ता असतो. त्या पत्त्याला शेवटी कॅरेज रिटर्न चिकटल्यावर लिनक्स त्या अदृश्य खुणेसकट नाव असलेला शेल शोधायला लागलं, आणि तो कुठेच नव्हता. 'नॉट फाउंड' शेलबद्दल होतं, मी समजत होते फाइलबद्दल. माझ्या विमने तर सगळ्या ओळी सारख्याच संपतात हे बघून फाइल विंडोजची आहे हे ओळखलं होतं. त्याने त्या खुणा माझ्यापासून लपवल्या आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'डॉस' एवढं लिहिलं. मी ते वाचलं नाही. हुशार एडिटरने समजूतदारपणा दाखवला, अडाणी एडिटरने जे होतं ते दाखवलं, आणि त्या रात्री मला दुसऱ्याची गरज होती.

आता तुझ्या यादीकडे वळते, आणि सुरुवात लॅबपासूनच करते.

टर्बो सी वाईट होतं असं मी म्हणणार नाही. बोर्लंडने टर्बो सी १९८७ मध्ये काढलं आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० मध्ये. त्या काळात एडिटर, कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा) आणि डीबगर (चुका शोधायला मदत करणारा) एकाच निळ्या पडद्यावर मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते आज कळणार नाही. शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबलं की त्या फंक्शनची माहिती उदाहरणासकट समोर यायची. मी अर्धं सी तिथेच शिकले. पण ते वातावरण तुझ्यापासून जे झाकतं ते आता फार महाग पडतं. तिथे इंट, म्हणजे पूर्णांक, १६ बिटांचा असतो. ३२७६७ मध्ये एक मिळव, उत्तर उणे ३२७६८ येईल. तोच प्रोग्रॅम आजच्या जीसीसी या कंपायलरवर ३२७६८ दाखवेल, आणि विद्यार्थ्याला वाटतं कंपायलर बदलला म्हणून गणित बदललं. सी प्लस प्लसचं पहिलं प्रमाण १९९८ मध्ये आलं, म्हणजे टर्बो त्याच्याही आधीचं. म्हणूनच 'आयओस्ट्रीम डॉट एच', 'व्हॉइड मेन', 'क्लिअरस्क्रीन' या सवयी बाहेरच्या जगात पहिल्याच दिवशी अडतात. ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालतही नाही, डॉसबॉक्समध्ये चालवावं लागतं. परीक्षेपुरतं लॅबमध्ये टर्बो वापर, सरांशी वाद घालू नकोस. घरी आल्यावर तोच प्रयोग जीसीसीवर कर आणि दोन्हीकडचं उत्तर कुठे वेगळं आलं ते वहीत लिहीत जा. ती वही तुला चौथ्या वर्षापर्यंत उपयोगी पडेल.

व्हीएस कोडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझा बहुतेक वेळ तिथेच जाणार आहे आणि जावा असंच मला वाटतं. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये जाहीर केला, पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली. त्याचं सगळ्यात मोठं देणं, माझ्या मते, त्याच्या पडद्यावर नाही. त्याच वर्षी रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मांडला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. पाच एडिटर आणि दहा भाषा म्हणजे पन्नास जोडण्या, आणि त्यातल्या बऱ्याच अर्धवट. आता भाषा समजणारा प्रोग्रॅम वेगळा चालतो आणि एडिटर त्याच्याशी ठरलेल्या बोलीत बोलतो. पाच अधिक दहा, पंधरात काम भागतं. सीसाठी क्लँगडी, गोसाठी गोपल्स, रस्टसाठी रस्ट-अ‍ॅनालायझर. व्याख्येवर उडी मारणं, सगळीकडचं नाव एकदम बदलणं, चूक लिहितानाच लाल रेघ येणं, हे सगळं आता विममध्ये, ईमॅक्समध्ये, सब्लाइममध्येही मिळतं, कारण पाठीमागे तोच सर्व्हर बसलेला असतो. त्यामुळे 'या एडिटरमध्ये सोय जास्त' हा जुना वाद पुष्कळसा मिटला आहे. तुझ्या सीनियरला हे नक्की सांग.

व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत), एलएफ किंवा सीआरएलएफ (ओळ कशी संपते ते), आणि स्पेसेस ४ किंवा टॅब. ती पट्टी रोज वाच. माझी ती रात्र त्या चार अक्षरांत वाचली असती. त्यावर क्लिक केलं की तिथल्या तिथे बदलताही येतं. हे त्याने उघड ठेवलंय, त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे.

झाकतो तो वर उजव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणी बटणाखाली. बटण दाबलं, प्रोग्रॅम चालला. मध्ये कोणता कंपायलर, कोणत्या सूचनांसह, कोणत्या फोल्डरमधून चालला, तिकडे लक्षच जात नाही. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या हुशार मुलामुलींना मी साधी गोष्ट सांगते, दोन फाइलींचा सी प्रोग्रॅम टर्मिनलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, बांधून दाखवा. बरेच जण तिथे अडतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना ते कधी दिसलंच नाही. म्हणून पहिले सहा महिने ते बटण वापरू नकोस. टर्मिनल त्याच खिडकीत खाली उघडतं, तिथे जीसीसीचा हुकूम पूर्ण टाइप कर, सगळ्या वॉर्निंग चालू करून. बोटांना ते पाठ झालं की मग बटण खुशाल दाब. आत काय होतंय ते तुला माहीत असेल.

एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला वरून जोडायच्या सोयी, त्यांच्या बाबतीत हात आखडता ठेव. प्रत्येक एक्स्टेंशन तुझ्याच अधिकारांनी चालतं, तुला वाचता येणारी प्रत्येक फाइल त्यालाही वाचता येते, आणि बाजारात घातक एक्स्टेंशनं सापडल्याची उदाहरणं आहेत. शिवाय रॅमचा प्रश्न. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे आत एक ब्राउझरच चालतो. त्यात लँग्वेज सर्व्हर, शेजारी खरा ब्राउझर, आणि ४ जीबी संपलं. हेल्प मेन्यूत प्रोसेस एक्सप्लोरर आहे, तो उघडून कोण किती खातंय ते बघ. ज्या भाषेवर काम चालू आहे तिचंच एक्स्टेंशन चालू ठेव, बाकीची त्या फोल्डरपुरती बंद कर. लॅपटॉपला रॅमची मोकळी जागा आहे का तेही बघून घे. ८ जीबी करता आलं तर कोणताही एडिटर बदलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, आणि खर्च मी देईन, आईला सांगू नकोस म्हणून म्हणत नाही, तिला सांगूनच देईन.

आणखी एक बारकावा. व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवतोस तो तयार प्रोग्रॅम त्यांच्या वेगळ्या परवान्याखाली येतो आणि वापराची माहिती पाठवतो. ती सेटिंगमध्ये कमी करता येते. नकोच असेल तर त्याच कोडवरून बांधलेला व्हीएसकोडियम आहे, फक्त मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेंशनं, उदाहरणार्थ दूरच्या यंत्रावर काम करू देणारं रिमोट एसएसएच, परवान्यानुसार त्यात वापरता येत नाहीत.

आता विम. तुझा सीनियर टोकाचं बोलला, पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते त्याने नीट सांगितलं नाही.

व्हीआय बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला. त्याच्यासमोर एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते, म्हणून आजही विममध्ये कर्सर त्या अक्षरांनी हलतो. एस्केपही आज टॅब असतो तिथे, करंगळीच्या आवाक्यात होता. आणि फोनवरचा मोडेम ३०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला ३०० बिट. हिशोब करून बघ: एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा म्हणजे १९२० अक्षरं, तो पूर्ण रंगवायला ६४ सेकंद. ज्याला पडदा पुन्हा रंगवायला मिनिटभर थांबावं लागतं तो माणूस दोन अक्षरांत जास्तीत जास्त काम होईल असेच हुकूम घडवणार. विमचा तो तुटक, कोड्यासारखा वाटणारा स्वभाव तिथून आला आहे.

हे तुला इतिहास म्हणून सांगत नाहीये. मी पेटीला सिरियल केबल लावते तेव्हा पुष्कळदा वेग ९६०० बॉड असतो. तोच पडदा, दोन सेकंद. पेटीत डिस्क इवलीशी, इंटरनेट नाही, कारखान्याच्या नियमाने पेन ड्राइव्हही बंद. आत एकच एडिटर असतो, बिझीबॉक्स या आटोपशीर साधनसंचातला छोटा व्हीआय. तिथे व्हीएस कोड नेता येत नाही. रिमोट एसएसएचने जोडायचं म्हटलं तर समोरच्या यंत्रावर त्याचा सर्व्हर बसवावा लागतो, आणि एवढ्याशा पेटीत त्याला जागाच नसते. सर्व्हरवर काम करणाऱ्या कोणाचंही हेच. क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) उघडलं, गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने) कमिटचा, म्हणजे नोंदीचा, संदेश मागितला, समोर बहुतेक वेळा व्हीआय येतो. तो आलाच नाही तर नॅनो येईल, त्याला शिकावं लागत नाही, हुकूम खालीच लिहिलेले असतात.

म्हणून एवढं व्हीआय प्रत्येकाला यावं: आत शिरणं, एक शब्द बदलणं, शोधणं, ओळ उडवणं, चुकलेलं मागे घेणं, सेव्ह करून किंवा न करता बाहेर पडणं. विमसोबत विमट्यूटर येतो, टर्मिनलवर तेवढंच टाइप कर, अर्ध्या-पाऊण तासाचा धडा आहे. तीन दिवस रोज एकदा कर.

त्याच्या पुढे जायचं की नाही ते आवडीवर. मला आवडलं ते त्याच्या व्याकरणामुळे. विममध्ये डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, डब्ल्यू म्हणजे शब्द, आय आणि अवतरणचिन्ह म्हणजे 'अवतरणाच्या आतलं'. सी-आय-अवतरण दाबलं की अवतरणातला मजकूर जातो आणि नवा लिहायला जागा होते. टिंब दाबलं की तीच कृती पुन्हा. क्रियापदं दहा-बारा, कर्मं दहा-बारा, आणि त्यांच्या जोड्या शंभरावर. एक नवं कर्म शिकलास की सगळी जुनी क्रियापदं त्याला लागू पडतात.

पण बघ, इथे क्रियापद आधी येतं, इंग्रजी आज्ञेसारखं. आपण मराठीत आधी 'हा शब्द' म्हणतो, मग 'काढ'. ककून आणि त्याच्यावरून प्रेरणा घेतलेला हेलिक्स हे एडिटर नेमकं तसं चालतात. आधी मजकूर निवडायचा, तो पडद्यावर उजळलेला दिसतो, मग क्रिया. काय उडणार आहे ते उडायच्या आधी डोळ्यांना दिसतं. विमबद्दलचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे की क्रिया कशावर होणार हे तो आधी दाखवत नाही, आणि हेलिक्सने तो दूर केला. तो रस्टमध्ये लिहिलेला आहे, लँग्वेज सर्व्हरची सोय आतच आहे, सेटिंगची फाइल लिहीत बसावं लागत नाही, आणि तुझ्या ४ जीबीत आरामात चालतो. टर्मिनलमधला एडिटर मनापासून शिकायची इच्छा झाली तर तोही बघ. मात्र बाहेरच्या यंत्रांवर तो सापडेल ही अपेक्षा ठेवू नकोस, तिथे व्हीआयच.

विमबद्दल एक ऋण सांगून पुढे जाते. विम ब्राम मोलेनार यांनी लिहिला, पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत ते तो सांभाळत राहिले. वापरणाऱ्यांकडे त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. द्यायचंच असेल तर युगांडातल्या मुलांसाठी द्या, एवढंच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडची वीज गेली आणि जुना डेस्कटॉप कामाच्या मधोमध बंद पडला. दोन दिवसांनी चालू केला तर विमने विचारलं, अर्धवट राहिलेलं परत आणू का? तो प्रत्येक २०० अक्षरांनी, किंवा हात चार सेकंद थांबला की, मजकूर वेगळ्या स्वॅप फाइलमध्ये टिपून ठेवतो. सेव्ह न केलेलं सगळं परत मिळालं. व्हीएस कोडही सेव्ह न केलेलं जपतो, पण त्या दिवशी हाताशी विम होता आणि मी मनोमन त्या माणसाला नमस्कार केला.

आता एक गोष्ट मराठीची, जी तुला बाहेरच्या तुलनांमध्ये सहसा वाचायला मिळणार नाही. आमचं एक यंत्र महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यासाठी चाललं होतं. पडद्यावरच्या सूचना मराठीत हव्या होत्या. 'दुसऱ्या टाकीची पातळी कमी' अशा शेकडो ओळींची फाइल, दोघांनी मिळून टाइप केलेली. ग्राहकाने शब्द बदलायला सांगितला म्हणून मी व्हीएस कोडमध्ये 'दुसऱ्या' शोधलं, तर काही ठिकाणी सापडलं आणि काही ठिकाणी डोळ्यांसमोर असूनही सापडलं नाही. दोन्हीकडची अक्षरं पडद्यावर तंतोतंत सारखी.

कारण आपल्या त्या अर्ध्या, पापणीसारख्या 'र' मध्ये होतं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकाने ऱ आणि हलंत वापरला होता, दुसऱ्याने साधा र, हलंत आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण, झीरो विड्थ जॉइनर. पहिल्या पद्धतीने 'दुसऱ्या' म्हणजे सात खुणा, यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. दुसऱ्या पद्धतीने आठ खुणा, २४ बाइट. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. व्हीएस कोड अक्षरं सुंदर जुळवतो, म्हणूनच फरक दिसला नाही. तीच फाइल टर्मिनलमध्ये विममध्ये उघडली. तिथे मराठीची दशा वाईट असते, वेलांट्या सरकतात, कर्सर भलतीकडे उभा राहतो, कारण टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरीव चौकट देतं आणि आपली जोडाक्षरं त्यात बसत नाहीत. पण त्या मोडक्या ओळीत जोडखुणेच्या जागी कोनी कंसात '२००डी' असं स्पष्ट लिहून आलं. मग सगळी फाइल एका पद्धतीची करणारी चार ओळींची पायथॉन स्क्रिप्ट लिहिली आणि आता मराठीची कोणतीही फाइल आली की ती आधी चालवते. विममध्ये अक्षरावर उभं राहून जी आणि ८ दाबलं की त्याचे बाइट दिसतात. ईमॅक्स तर कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबल्यावर अक्षराची पूर्ण कुंडली मांडतो, युनिकोडमधल्या नावासकट. मराठी लिहायला व्हीएस कोड, मराठी तपासायला हे दोघे, असं माझं वाटप आहे.

ईमॅक्सचं नाव निघालंच आहे तर तेही सांगते, थोडक्यात. मूळ १९७६ चं, रिचर्ड स्टॉलमन यांचं जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून. त्याच्यात काहीही झाकलेलं नसतं. कोणतीही कळ काय करते हे विचारलं की तो थेट त्या फंक्शनच्या लिस्प भाषेतल्या कोडपर्यंत नेतो, आणि तो कोड तू चालू एडिटरमध्येच बदलू शकतोस. माझ्या कसोटीवर पहिला नंबर त्याचाच. तरी तुला आता सुचवत नाही. तो समजायला वर्ष लागतं आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलाने ते वर्ष अल्गोरिदमला द्यावं. यंत्र चालू करतानाच्या माझ्या नोंदी मी त्याच्या ऑर्ग मोडमध्ये ठेवते, तेवढाच माझा वापर.

इंटर्नशिपला इंटेलिजे लागला तर निमूटपणे तो वापर. जावा आणि कोटलिनच्या मोठ्या प्रकल्पात तो जेवढं समजतो तेवढं दुसरं कोणी समजत नाही, आणि अँड्रॉइड स्टुडिओही त्याच्याच पायावर बांधलेला आहे. फक्त त्याला ८ जीबीखाली चालवू नकोस, वैतागशील. ते यंत्र बहुधा कंपनीच देईल.

सगळं एकाच ठिकाणी देणाऱ्या अशा मोठ्या साधनांबद्दलची माझी खरी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे संगणक, त्यांच्यासाठी आयईसी ६११३१-३ हे प्रमाण १९९३ मध्ये आलं. त्यातली स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही भाषा साध्या मजकुराची, पास्कलच्या वळणाची. पण ती लिहायची बहुतेक साधनं सगळा प्रकल्प एका बंद फाइलमध्ये गुंडाळून ठेवतात. काल आणि आज यांत काय बदललं हे गिटला विचारता येत नाही. रात्रपाळीत कोणीतरी एक टायमर तीन सेकंदांचा पाच सेकंद केला आणि सकाळी आम्ही नऊ जण पॅनेलभोवती उभे, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून त्या साधनातून मजकूर म्हणून जे जे बाहेर काढता येतं ते रोज संध्याकाळी बाहेर काढून गिटमध्ये ठेवायचं, हा आमच्याकडे आता नियम आहे. तू जे काही लिहिशील ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहील असं बघ. गिटहबने काढलेला अ‍ॅटम आठव. २०१४ मध्ये आला, सगळीकडे त्याचंच नाव होतं, डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. आमच्या ऑफिसात तिघे तो वापरत होते. एका दुपारी त्यांनी दुसरा एडिटर उघडला आणि काम पुढे चालू झालं, कारण फाइली साध्या होत्या.

हलक्या एडिटरांपैकी विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस आणि लिनक्सवर जीनी हे दोन्ही तुझ्या लॅपटॉपवर पंख्याचा आवाजही न करता चालतील. मोठाल्या लॉगसाठी कोणताच एडिटर नको, टर्मिनलवर लेस हा फाइल वाचायचा हुकूम पुरे.

एआयचं तू विचारलं नाहीस, पण विचारणार आहेस. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आल्यापासून एडिटरमध्ये राखाडी अक्षरांत पुढची ओळ सुचवली जाते. मी ते काही कामांत वापरते. तू डेटा स्ट्रक्चर शिकत असताना ते बंद ठेव, कारण लिंक्ड लिस्टमधला पॉइंटर कुठे चुकतो हे चुकल्याशिवाय कळत नाही आणि ते चुकायची हीच वेळ आहे. शिवाय तुझा कोड तेव्हा बहुधा तुझ्या लॅपटॉपबाहेर जातो. उद्या कोणाच्या कारखान्याचा कोड हातात आला तर आधी लेखी परवानगी विचारायची सवय आत्तापासून लाव.

तर घरी गेल्यावर असं कर. व्हीएस कोड ठेव, एक्स्टेंशन दोनच. खालची पट्टी वाचायची, बटण दाबायचं नाही, टर्मिनलवर बांधायचं. विमट्यूटर तीन दिवस. चौथ्या दिवशी, म्हणजे रविवारी, सकाळी दांडिया बाजारातून निघून माझ्याकडे ये. एक जुनी पेटी आणि सिरियल केबल काढून ठेवली आहे, वेग मुद्दाम ९६०० लावलाय, आणि आतल्या स्क्रिप्टमध्ये एक चूक पेरून ठेवली आहे. ती कोणत्या जातीची आहे ते सांगणार नाही. सापडली की मग सेव उसळ खायला जाऊ.